इओसिनोफिल वाढले, पण नाक मोकळं झालं: असं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. भावाला दमा आहे आणि नाकात पॉलिप (अस्तराच्या मऊ गाठी) आहेत. डुपिलुमॅबची इंजेक्शनं सुरू होऊन दोन महिने झाले. नाक मोकळं झालं, वास यायला लागला, पंप क्वचितच लागतो. पण रक्ताच्या रिपोर्टात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींचा आकडा ५२० वरून १२८० वर गेला. ॲलर्जीत या पेशी वाढतात असंच आजवर ऐकलंय. मग औषध लागू पडतंय की उलटतंय? आणि मुळात या पेशींना कुठे जायचं ते कळतं तरी कसं?

आधी धास्तावलेल्या माणसापुरतं उत्तर देतो. हे औषध सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत इओसिनोफिल वाढलेले दिसणं नवीन नाही. बहुतेक वेळा तो औषधाच्या कामाचाच परिणाम असतो, आजार बळावल्याची खूण नसते. पुढे आकडा सहसा उतरतो. अपवाद आहेत, ते शेवटी सांगतो. पण हे का होतं ते समजायला तुमचा दुसरा प्रश्न आधी सोडवावा लागेल, कारण दोन्हींचं उत्तर एकच आहे.

रक्त हे इओसिनोफिलचं घर नाही, नुसता रस्ता आहे. ही पेशी अस्थिमज्जेत साधारण आठवडाभरात तयार होते, रक्तात फार तर दिवसभर असते आणि मग ऊतींमध्ये शिरते. ऊतींमधल्या इओसिनोफिलची संख्या रक्तातल्यापेक्षा शंभरपटीहून जास्त असते. म्हणजे रिपोर्टात आपण मोजतो ते फक्त त्या घटकेला रस्त्यावर असलेले प्रवासी. रस्त्यावर गर्दी दिसली, तर त्याचे दोन अर्थ निघतात: मागून जास्त माणसं निघाली, किंवा पुढचा फाटक बंद झाला. रिपोर्टावर हे दोन्ही अर्थ एकाच आकड्यात छापून येतात, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

आता साखळी सुरुवातीपासून पाहू.

धुळीतल्या माइटचा (डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्याचा) अंश नाकाच्या अस्तरावर पडला. तिथल्या मास्ट पेशींवर (ॲलर्जीची रसायनं दाण्यांत भरून ठेवणाऱ्या पेशींवर) आयजीई प्रतिपिंडं आधीच चिकटून बसलेली असतात. माइटच्या प्रथिनाने दोन शेजारी आयजीई एकत्र जोडले की मास्ट पेशी काही मिनिटांत आपले दाणे बाहेर फेकते. त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं रसायन म्हणजे हिस्टामिन. शिंका, खाज, पाण्यासारखी सर्दी हे सगळं त्याचंच काम. पण हिस्टामिन काम करून लवकर निघून जातं, आणि पांढऱ्या पेशींची फौज बोलावणं हे त्याचं मुख्य काम नाही. रक्तवाहिन्या रुंद आणि झिरपत्या करून ते फार तर वाट मोकळी करतं.

माझ्याकडे येणारे कितीतरी जण एकच गोष्ट सांगतात. सकाळी कपाट आवरलं, तासभर शिंका आल्या, मग थांबल्या. संध्याकाळी मात्र नाक गच्च. शिंक नाही, खाज नाही, फक्त चोंदलेलं नाक आणि जड डोकं. यालाच उशिराचा टप्पा म्हणतात. संपर्कानंतर साधारण चार ते आठ तासांनी तो उमटतो, आणि तोवर अस्तरात इओसिनोफिल आणि बेसोफिल, टी पेशी या इतर पांढऱ्या पेशी येऊन बसलेल्या असतात. अशा वेळी ॲंटीहिस्टामिनची गोळी घेणं म्हणजे वरातीमागून घोडं. गोळी वाईट नाही, ज्या रसायनावर ती चालते त्याची पाळी कधीच संपलेली असते इतकंच.

मधल्या चार-आठ तासांत काय घडतं? मास्ट पेशी दाणे फेकून थांबत नाही. ती प्रोस्टाग्लँडिन डी-२ आणि ल्युकोट्राइन ही दाहाची रसायनं बनवते, शिवाय आयएल-४, आयएल-५, आयएल-१३ हे सायटोकाइन, म्हणजे पेशींनी एकमेकींना धाडलेले प्रथिनांचे निरोप, सोडते. तिकडे अस्तराच्या पेशीही गप्प बसत नाहीत. माइटच्या विष्ठेत प्रथिनं कापणारी एन्झाइम असतात, ती अस्तरपेशींमधले सांधे उसवतात. दुखावलेल्या अस्तरातून टीएसएलपी, आयएल-३३ आणि आयएल-२५ हे धोक्याचे इशारे निघतात. ते ऐकून आयएलसी-२ नावाच्या पेशी आणि टीएच-२ जातीच्या टी पेशी आयएल-५ आणि आयएल-१३ भरपूर प्रमाणात ओततात.

इथे थोडं थांबतो, कारण आयएल-५ आणि आयएल-१३ ही जोडगोळी वेगळी करून पाहिली नाही, तर पुढचं काहीच उलगडत नाही. आयएल-५ चं कार्यक्षेत्र मुख्यतः अस्थिमज्जा. इओसिनोफिल जास्त बनवा, पिकवा, लवकर रक्तात सोडा, आणि पोचलेल्यांना जिवंत ठेवा, असा त्याचा हुकूम. पण कुठे जायचं हे आयएल-५ सांगत नाही. पत्ता देण्याचं काम आयएल-४ आणि आयएल-१३ करवून घेतात, तेही स्वतः नाही. ते अस्तरपेशींना, फायब्रोब्लास्टना (ऊतींचे धागे विणणाऱ्या पेशींना) आणि रक्तवाहिनीच्या आतल्या थरातल्या पेशींना कामाला लावतात, आणि त्या पेशी केमोकाइन बनवू लागतात. माझ्या मते शिकवताना सर्वांत जास्त निसटणारा मुद्दा हाच: इओसिनोफिलला शेवटची हाक मुख्यतः रोगप्रतिकारक पेशी मारत नाहीत, तिथल्या साध्यासुध्या रहिवासी पेशी मारतात.

केमोकाइन म्हणजे पेशींना दिशा दाखवणारी छोटी प्रथिनं. माणसात ती पन्नासच्या आसपास आहेत, आणि त्यांना ओळखणारे पेशीच्या अंगावरचे ग्राहक (रिसेप्टर) सुमारे वीस. इओसिनोफिलसाठी खास ते इओटॅक्सिन. त्याचे तीन प्रकार आहेत: सीसीएल-११, सीसीएल-२४ आणि सीसीएल-२६. तिन्ही एकाच ग्राहकावर बसतात, सीसीआर-३ वर, आणि इओसिनोफिलच्या अंगावर हा ग्राहक दाटीवाटीने असतो.

इओटॅक्सिन सापडलं ती कहाणी मला फार आवडते, म्हणून जरा रेंगाळतो. लंडनमध्ये टिमोथी विल्यम्स यांच्या गटाने गिनीपिगना एका प्रथिनाची ॲलर्जी आणली, मग तेच प्रथिन हुंगायला दिलं आणि नंतर त्यांची फुप्फुसं धुऊन ते पाणी गोळा केलं. दुसरीकडे ॲलर्जी नसलेल्या गिनीपिगच्या शिरेत किरणोत्सारी खूण केलेले इओसिनोफिल सोडले आणि त्याच्या कातडीत ते धुवण टोचलं. टोचलेल्या जागी किरणोत्सार मोजला, तर इओसिनोफिल तिथे धावून आलेले! म्हणजे त्या पाण्यात हाक मारणारं काहीतरी होतं. मग ते पाणी गाळत, वेगळं करत, प्रत्येक भाग पुन्हा कातडीत टोचून तपासत शेवटी ७३ अमिनो आम्लांचं एक प्रथिन हाती लागलं. शोधनिबंध १९९४ च्या सुमाराचे. ना जनुकांची यादी, ना संगणक. कुठे किती पेशी जमल्या हे मोजत मोजत माग काढलेला.

आता पेशी प्रत्यक्ष वळते कशी ते पाहू. सूक्ष्मदर्शकाखाली इओसिनोफिल ओळखायला सोपा. केंद्रकाचे दोन गोल भाग मधल्या बारीक दांडीने जोडलेले, चष्म्यासारखे, आणि बाकी सगळी पेशी शेंदरी दाण्यांनी ठासून भरलेली. पाउल एर्लिख यांनी १८७९ मध्ये इओसिन नावाचा रंग वापरून ती दाखवली, नाव त्यावरूनच पडलं. काचपट्टीवर ती निवांत पडलेली दिसते. शरीरात मात्र रक्ताच्या धारेत वाहत असते, आणि त्या वेगात थांबणं सोपं नाही.

थांबण्याची जागा म्हणजे केशवाहिन्या संपल्यावर लागणाऱ्या बारीक शिरा. तिथे भिंतीवर सिलेक्टिन नावाचे रेणू वर येतात. पी-सिलेक्टिन तर हिस्टामिन लागताच मिनिटांत वर येतं, कारण ते आधीच बनवून आत साठवलेलं असतं. इओसिनोफिलच्या अंगावरची साखरयुक्त प्रथिनं त्याला चिकटतात, सुटतात, पुन्हा चिकटतात. त्यामुळे पेशी धारेतून बाजूला येऊन भिंतीवरून गडगडत पुढे सरकू लागते. एवढ्यावर मात्र ती थांबत नाही. पुढे काही लागलं नाही तर सुटून पुन्हा धारेला लागते.

पुढे लागतं ते इओटॅक्सिन. इथे एक मजेशीर अडचण आहे. केमोकाइन जर रक्तात नुसतं विरघळलेलं असेल, तर धारेबरोबर वाहून जाईल, आणि मग पत्ताच हरवेल. म्हणून भिंतीच्या पेशी त्याला हेपरान सल्फेट नावाच्या साखरेच्या साखळ्यांवर अडकवून ठेवतात. पत्रक हवेत न उडवता भिंतीला चिकटवण्यासारखं. गडगडणारी पेशी ते वाचते. सीसीआर-३ मधून आत संदेश जातो, आणि सेकंदाच्या आत तिच्या अंगावरचे इंटिग्रिन रेणू, जे एरवी वाकून मिटलेले असतात, ताठ उघडतात. त्यातला व्हीएलए-४ भिंतीवरच्या व्हीकॅम-१ या रेणूला घट्ट पकडतो. पेशी थांबते, चपटी होते, दोन भिंतपेशींमधली फट शोधते आणि आपलं केंद्रक दाबत पलीकडे निघून जाते.

आता विचार करा. रक्तात न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, इओसिनोफिलपेक्षा कितीतरी जास्त असतात, पांढऱ्या पेशींच्या निम्म्याहून अधिक. मग ॲलर्जीच्या जागी न्यूट्रोफिलचीच गर्दी का होत नाही? कारण इथे एका किल्लीने उघडणारं कुलूपच नाही. व्हीकॅम-१ भिंतीवर आणण्याचं काम आयएल-४ आणि आयएल-१३ करतात, आणि ते पकडायला लागणारा व्हीएलए-४ इओसिनोफिलकडे भरपूर असतो, न्यूट्रोफिलकडे नसल्यात जमा. त्यात इओटॅक्सिनची हाक न्यूट्रोफिलला ऐकूच येत नाही, त्याला लागतं आयएल-८ हे दुसरं केमोकाइन. जंतुसंसर्गात आयएल-८ ची हाक उठते आणि पू होतो, ॲलर्जीत इओटॅक्सिनची उठते आणि शेंदरी दाण्यांच्या पेशी येतात. टीएच-२ पेशींचे पत्ते आणखी वेगळे: सीसीएल-१७ आणि सीसीएल-२२, ओळखणारा ग्राहक सीसीआर-४. ॲटॉपिक त्वचारोगात (ॲलर्जीच्या इसबात) रक्तातलं सीसीएल-१७ आजाराच्या तीव्रतेबरोबर वरखाली होतं, ते याचमुळे.

भिंतीपलीकडे गेल्यावर पेशी केमोकाइनच्या चढत्या प्रमाणाकडे सरकते. तिच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला लागणाऱ्या केमोकाइनमध्ये फरक तो किती? पेशीची लांबीच मिलिमीटरचा शंभरावा भाग. न्यूट्रोफिलवर केलेल्या मोजणीत असं दिसलं, की दोन टोकांमधला एक टक्क्याच्या आसपासचा फरकही पेशीला पुरतो. ज्या बाजूला संदेश जास्त, त्या बाजूला ॲक्टिन या प्रथिनाचे धागे वाढतात, पेशीचा पाय तिकडे निघतो आणि मागचा भाग ओढला जातो.

पोचल्यावर काय होतं हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं, म्हणून दोनच वाक्यांत. दाण्यांमधली मेजर बेसिक प्रोटीनसारखी विषारी प्रथिनं अस्तर खरवडतात, मज्जातंतू चेतवतात, चिकट शेंबूड-बेडका वाढवतात. दम्याच्या जुनाट रुग्णाच्या बेडक्यात कधी दोन्ही टोकांना निमुळते, लांबट सुईसारखे स्फटिक दिसतात, ते चारकोट-लायडन स्फटिक म्हणजे फुटलेल्या इओसिनोफिलमधलं गॅलेक्टिन-१०. जवळपास आयएल-५ नसेल, तर पोचलेला इओसिनोफिल दोन-चार दिवसांत शांतपणे मरतो. आयएल-५ मिळत राहिलं तर मुक्काम लांबतो. सर्दी आठवडे हटत नाही त्याचं एक कारण हे.

आता भावाच्या रिपोर्टाकडे. डुपिलुमॅब आयएल-४ आणि आयएल-१३ यांचा सामाईक ग्राहक झाकतं. त्यामुळे इओटॅक्सिन कमी बनतं, व्हीकॅम-१ ही उतरतं, म्हणजे पत्ताही गेला आणि पकडायची जागाही गेली. आयएल-५ ला मात्र या औषधाने हात लावलेला नाही. अस्थिमज्जा पूर्वीच्याच हुकुमावर पेशी पाठवत राहते, आणि त्यांना रस्त्यावरून उतरायला फाटक सापडत नाही. रक्तात गर्दी, नाकात शांतता. ५२० चे १२८० झाले ते बहुधा असे.

याच्या नेमकं उलट चित्र मेपोलिझुमॅब या दुसऱ्या इंजेक्शनमध्ये दिसतं. ते आयएल-५ लाच पकडतं, त्यामुळे रक्तातला आकडा झपाट्याने कोसळतो. बेनरालिझुमॅब हे तिसरं इंजेक्शन इओसिनोफिलवरच्या आयएल-५ ग्राहकाला चिकटतं आणि एनके (मारेकरी) पेशींकरवी पेशीच मारवतं, तिथे आकडा जवळपास शून्य. म्हणून 'इंजेक्शन घेतल्यावर इओसिनोफिल किती झाले' हा प्रश्न कुठलं इंजेक्शन हे सांगितल्याशिवाय अर्धवट आहे.

आणि आकडा शून्य झाला म्हणजे काम फत्ते, असंही नाही. २००० साली आयएल-५ विरोधी प्रतिपिंडाचा, म्हणजे मेपोलिझुमॅबचाच, पहिला गाजलेला अभ्यास आला. रक्तातले इओसिनोफिल जवळजवळ नाहीसे झाले, पण ॲलर्जन हुंगवल्यावर येणारा उशिराचा दमा तसाच! अनेकांनी तेव्हा इओसिनोफिलचा दम्याशी संबंधच नाही असा निष्कर्ष काढून टाकला. २००३ मध्ये श्वासनलिकेचे तुकडे तपासले, तेव्हा कळलं की ऊतीतले इओसिनोफिल निम्म्याच्या आसपासच घटले होते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय. शिवाय रुग्णही सरसकट निवडलेले होते. २००९ मध्ये बेडक्यात इओसिनोफिल ठळक असलेले आणि वारंवार झटके येणारे रुग्ण निवडले, तेव्हा झटके स्पष्ट कमी झाले, आणि २०१५ मध्ये मेपोलिझुमॅबला अमेरिकेत मान्यता मिळाली. औषध तेच होतं, निवड बदलली.

मग थेट सीसीआर-३ बंद करणारी गोळी का नाही, असं कोणीही विचारेल. प्रयत्न बरेच झाले, दम्यासाठी बाजारात मात्र एकही आली नाही. प्रोस्टाग्लँडिन डी-२ चा ग्राहक अडवणारं फेव्हिपिप्रँट तर चाचण्यांच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत पोचून २०१९ मध्ये गळालं. गंमत म्हणजे सीसीआर-५ हा दुसरा केमोकाइन ग्राहक अडवणारी मॅराव्हिरॉक ही एचआयव्हीवरची गोळी २००७ पासून वापरात आहे. विषाणू त्या एका दारावर अडून बसतो, म्हणून तिथे ते चाललं. ॲलर्जीत पेशीला हाक मारणारी तोंडं अनेक: इओटॅक्सिन, ल्युकोट्राइन, प्रोस्टाग्लँडिन. एकाचं तोंड बंद केलं की दुसरा ओरडतो. माझं मत असं, की शेवटच्या हाका अडवत बसण्यापेक्षा त्या हाका मारायला लावणारा वरचा हुकूम अडवणं जास्त फळतं, आणि आजची चालणारी औषधं पाहिली तर तसंच दिसतं. स्टिरॉइडचा फवारा इतका गुणकारी आहे तो यामुळेच. तो एकाच वेळी अनेक तोंडं दाबतो, पण त्याला तास-दिवस लागतात. दोन दिवस मारून 'काही फरक नाही' म्हणत बाटली ठेवून देणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

स्टिरॉइडवरून एक स्वतःची फजिती सांगतो. उमेदवारीच्या काळात एका बाईंचा दमा मी ॲलर्जीचा नाही असं ठरवून मोकळा झालो, कारण इओसिनोफिल ४० आणि न्यूट्रोफिल चढलेले. चार दिवसांपासून त्या प्रेडनिसोलोनच्या गोळ्या घेत होत्या, हे विचारलंच नव्हतं. स्टिरॉइडने इओसिनोफिल तासांत उतरतात, आणि न्यूट्रोफिल भिंत सोडून धारेत आल्यामुळे वाढलेले दिसतात. गोळ्या थांबल्यावर तीन आठवड्यांनी पुन्हा तपासलं, तर आकडा ७८० निघाला.

म्हणून भावासाठी इतकं करा. पुढची तपासणी आधीच्याच वेळेला करा, कारण इओसिनोफिल सकाळी कमी आणि रात्री जास्त असतात. सकाळच्या आकड्याची संध्याकाळच्याशी तुलना करू नका. मधल्या काळात स्टिरॉइडच्या गोळ्या घेतल्या किंवा बंद केल्या असतील, तर तारखांसकट डॉक्टरांना सांगा. गोळ्या नुकत्याच कमी केल्या असतील तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण त्यांनी दाबून ठेवलेला दुसरा इओसिनोफिलचा आजार, विशेषतः रक्तवाहिन्यांचा दाह, अशा वेळी क्वचित डोकं वर काढतो. आकडा १५०० च्या वर जाऊन तिथेच राहिला, किंवा आकडा कितीही असो पण हातापायाला मुंग्या, पाऊल किंवा मनगट लुळं पडणं, अंगावर जांभळट पुरळ, छातीत दुखणं, ताप किंवा नव्याने वाढलेली धाप यातलं काहीही दिसलं, तर पुढच्या इंजेक्शनची तारीख येईपर्यंत थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. यातलं काही नसेल आणि नाक मोकळं असेल, तर १२८० या आकड्यामुळे इंजेक्शन आपल्या मनाने बंद करू नका.